फक्त अविवाहित फौजींसाठी

माझं लग्न झालेलं नाही या गोष्टीची कदर आयुष्यात एकाच माणसाने केली. ते म्हणजे देवासचे माझे घरमालक. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची. मीही तेच म्हणायचो, आणि आता दुसरं काही म्हणून बघितलं तरी जमत नाही.

तेव्हा मी फौजेत नायक होतो. कॉलेजच्या मुलांना कवायत शिकवणाऱ्या देवासच्या एका छोट्या युनिटात माझी बदली झाली होती. राहण्याच्या बाबतीत फौजेचा नियम साधा आहे. लग्न झालेल्या जवानाला कुटुंब आणून बाहेर खोली घेता येते. बिनलग्नाच्याने लाइनीत राहायचं, म्हणजे बराकीत, लोखंडी खाट आणि खाटेखाली पेटी. बाहेर राहायला तो पात्र नाही. एकट्या माणसाला घर कशाला लागतं, असा त्यामागचा विचार असावा. पण आमची बराक म्हणजे एक जुनं गोदाम होतं, आणि त्याचं छत राहण्यास धोकादायक आहे असं तपासायला आलेल्या इंजिनियरने सांगून टाकलं. मग दुरुस्ती होईपर्यंत आम्हा एकट्यांना बाहेर राहायची तात्पुरती परवानगी मिळाली. मधूनमधून सुभेदार साहेब येऊन खोली बघणार आणि माणूस खरोखर एकटाच राहतोय ना याची खात्री करणार, ही अट.

खोली शोधायला निघालो तेव्हा कळलं की देवास शहराचाही नियम तोच आहे.

"शादीशुदा हो?"

"नहीं."

"तो भिया, बैचलर को तो नी देते. फैमिली ले आओ, कल से रे लो."

फौज म्हणत होती, लग्न नाही तर आत राहा, आणि आत छत नव्हतं. शहर म्हणत होतं, लग्न नाही तर बाहेर राहा, आणि बाहेर पाऊस होता. मी मुळात तापट. आठवडाभर पेटी व्हरांड्यात ठेवून झोपल्यावर आणखी तापट झालो. अशा अवस्थेत टेकडीच्या मागच्या बाजूला एका दारावर मला पत्र्याची पाटी दिसली. मराठीत होती. "जागा देणे आहे. फक्त अविवाहित फौजींसाठी. कुटुंबवत्सल मंडळींनी तसदी घेऊ नये."

कोणीतरी माझी थट्टा करतंय असं वाटून मी दोनदा मागेपुढे पाहिलं. मग कडी वाजवली.

आप्पा वजनमाप खात्यातून निवृत्त झाले होते. टोंकखुर्दपासून हाटपिपल्यापर्यंतच्या दुकानदारांचे काटे तपासण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर काटे तपासायचा अधिकार गेला, सवय राहिली. भाजी आणायला जाताना ते पिशवीत स्वतःचं एक किलोचं लोखंडी वजन घेऊन जात. ते कधी वापरत नसत. फक्त पिशवीतून काढून भाजीच्या ढिगाशेजारी ठेवत आणि आकाशाकडे बघत उभे राहत. भाजीवाली म्हणायची, "आप्पा, बाट अंदर रखो, पूरो है." मग ते वजन परत पिशवीत टाकून म्हणत, "प्रमाणित." हा त्यांचा आवडता शब्द होता. चहा चांगला झाला की प्रमाणित. पोह्यांवर शेव बेताची पडली की प्रमाणित. काकू, म्हणजे त्यांची बायको, सकाळी पूजा करून येऊन बसल्या की त्यांच्याकडे एकदा बघून मान हलवत, तेव्हा तोंडाने काही म्हणत नसत, पण अर्थ तोच असावा.

माझी मुलाखत ओसरीवर झाली. आप्पा खुर्चीत, मी स्टुलावर.

"लग्न?"

"नाही."

"ठरलं आहे?"

"नाही."

"घरी पाहताहेत?"

"आई बघतेय."

"कितपत?"

"फावल्या वेळात."

"ठीक. मुंज?"

मी म्हटलं, आमच्यात मुंज नसते. आम्ही साताऱ्याकडचे, शेतीवाडीतले. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, मुलगा चांगला दिसून राहिला आहे. घ्या नी ठेवून." आप्पांनी हात वर करून आवाज थांबवला आणि मला विचारलं, "आपण भरती झालात, तेव्हा डोकं भादरलं होतं?"

"हो."

"हाती दंड दिला?"

"रायफल दिली."

"लगेच?"

"नाही, आधी लाकडाची दिली होती."

"आईच्या हातचं सोडवून परक्याच्या दारात ताट घेऊन उभं केलं?"

"लंगरमध्ये. हो."

आप्पा खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे मुंज झालेली आहे. सरकारी झाली आहे, इतकंच. प्रमाणित. खोली बघून घ्यावी."

वरची खोली होती, दोन खिडक्यांची. मी पेटी आणली. मुंजीचं काय काम होतं ते मी विचारलं नाही. खोली मिळालेल्या माणसाने प्रश्न विचारू नयेत एवढी अक्कल मला होती.

श्रावण आला तेव्हा कळलं. शनिवारी सकाळी मागच्या अंगणात पाट मांडलेला, बाजूला रांगोळीची दोन बोटं, पितळी घंगाळात वाफा येणारं पाणी, आणि काकू तेलाची वाटी घेऊन उभ्या. श्रावणातल्या शनिवारी आपल्याकडे मुंजा जेवायला घालतात. मुंजा म्हणजे मुंज झालेला, लग्न न झालेला मुलगा. त्याला तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं, ओवाळायचं, पुरणाचं वाढायचं. आपल्या मुलाबाळांना आयुष्य लाभावं म्हणून बायका हे करतात. मुंजा साधारण आठ-दहा वर्षांचा असतो. मला मिशा होत्या.

"बसावं," आप्पा म्हणाले.

मी बसलो. काकूंनी डोक्यावर तेल थापलं, हळदीचं उटणं चोळलं आणि पहिला तांब्या ओतण्याआधी म्हणाल्या, "डोळे मिट रे बाबा, झोंबून राहिलं की मग सांगशील." मी डोळे मिटले. त्यानंतरच्या प्रत्येक शनिवारी त्या हे सांगायच्या, मी मिटलेले असले तरी. आधी मला लाज वाटायची. मग सवय लागली. खरं सांगायचं तर मी शनिवारची वाट बघायला लागलो. फौजेत बरंच काही मिळतं, पण डोक्यावरून कोणी हात फिरवत नाही.

आमचे सुभेदार साहेब हरियाणाचे. अतिशय सरळ माणूस, म्हणजे एकदा गैरसमज झाला की तोही सरळच धरून ठेवणारा. खोलीच्या तपासणीला ते न सांगता आले, आणि नेमके शनिवारी आले. दार उघडंच होतं. ते आत आले, अंगणात आले, आणि त्यांना दिसलं की त्यांचा नायक पंचा नेसून पाटावर बसलाय, अंगभर पिवळं उटणं, कपाळाला कुंकू, आणि एक बाई त्याला ओवाळतेय.

"नायक," ते म्हणाले, "तेरी हल्दी हो रही है?"

मी उठून सावधान उभा राहिलो. पंचा धरून सावधान उभं राहणं अवघड असतं.

"नहीं साब. मैं कुँवारा हूँ. इसीलिए हो रही है."

हे खरं होतं, पण ऐकायला बरं नव्हतं. न कळवता लग्न करणं, वर एकट्याच्या सवलतीत बाहेर राहणं, म्हणजे काय होतं ते मला ठाऊक होतं. खोली तर जाणारच होती. आप्पा शांतपणे पुढे आले आणि त्यांनी सुभेदार साहेबांना श्रावण, शनिवार आणि मुंजा हे सगळं हिंदीत समजावलं. साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग मनगटावरची राखी आप्पांना दाखवून म्हणाले, "बाबूजी, राखी हो ली. सावन तो खतम हो गया."

मी मनातल्या मनात पेटी भरायला घेतली. तिकडच्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. राखीनंतर त्यांचा भादवा लागतो आणि आपला श्रावण अर्धा शिल्लक असतो. देवासच्या एका गल्लीत एकाच दिवशी दोन महिने चालू असतात आणि कोणाचंच त्यामुळे अडत नाही, पण हे चौकशीला आलेल्या माणसाला कसं सांगायचं?

आप्पा म्हणाले, "आपका खतम हुआ होगा. हमारा पंद्रह दिन पीछे चलता है."

"सरकारी कौन सा है?"

"दोनों प्रमाणित हैं," आप्पा म्हणाले. "और सुनिए. ये पानी हमारे यहाँ शादीशुदा आदमी के सिर पर पड़ता ही नहीं. जिस दिन इनकी शादी हुई, उस दिन से बंद. आपको इससे पक्का सबूत कोई दफ्तर नहीं देगा."

साहेबांनी बराच विचार केला. मग मला म्हणाले, "बैठ जा. नहा ले." त्यांनाही पान वाढलं, पण आप्पांनी ते माझ्या पंगतीत नाही, आतल्या खोलीत वाढलं, कारण साहेब विवाहित होते. साहेबांना ते पटलं. नियमाचा माणूस नियमाच्या माणसाला ओळखतो. पुढच्या प्रत्येक तपासणीला ते मला एकच विचारायचे, "पानी चालू है?" मी म्हणायचो, "चालू है साब." तपासणी संपली.

इकडे आईने आपला फावला वेळ वाढवला होता. माझं लग्न ठरलं. त्या दिवशी मी फौजेच्या हिशेबी पात्र आणि आप्पांच्या हिशेबी अपात्र झालो.

पेढे घेऊन खाली गेलो. काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. आप्पांनी पेढा खाल्ला, प्रमाणित म्हणाले, आणि पुढे म्हणाले, "लग्नाच्या रजेवर जाताना खोली मोकळी करून जावी."

मला वाटलं गंमत करताहेत. ती गंमत नव्हती. मग माझं डोकं फिरलं. याच ओसरीवर रोज संध्याकाळी आमचा चहा व्हायचा, त्यांची औषधं मी आणायचो, काकूंचा गुडघा दुखला की इंदूरला मी घेऊन जायचो. काकू आत गेल्यावर मी म्हटलं, "आप्पा, वर्षातल्या चार जेवणांसाठी माणूस घालवता?"

आप्पा रागावले नाहीत. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं, काकू ऐकत नाहीत ना म्हणून, आणि हळू बोलू लागले. त्यांच्या मुलाला लहानपणी मोठा ताप आला होता. तेव्हा काकूंनी नवस केला, जिवंत असेपर्यंत श्रावणातला एक शनिवार चुकवणार नाही. मुलगा बरा झाला, शिकला, परदेशात गेला. नवस तेवढा देवासला राहिला. पूर्वी गल्लीत आपली घरं भरपूर, मुंजे पाहिजे तेवढे. मग पोरं पुण्या-बंगळूरला गेली. जी घरं उरली त्यांतल्या मुलांना मुंजा म्हणजे काय हेही सांगावं लागायचं. एका वर्षी काकू आमंत्रण द्यायला एका दारात गेल्या. त्या घरच्या आईने जाळीचं दार न उघडता आतूनच सांगितलं, "आंटी, शनिवार को इसकी कोचिंग है. और ये तेल-वेल इसको सूट नी होता." दुसऱ्या दारातही तसंच काहीसं झालं.

"घरी आली," आप्पा म्हणाले, "पान वाढलं, आणि त्या पानासमोर बसून राहिली. पुरण कावळ्याला घातलं. मला त्या देवाचं फार काही नाही. पण तिने पुन्हा कोणाच्या दारात उभं राहायचं नाही. दुसऱ्या दिवशी पाटी लावली."

"पण फौजीच का?"

"वेळेवर येतात. आणि एकाची बदली झाली की सरकार दुसरा पाठवतं."

माझा राग गेला. तो कुठे गेला हे मला कळलं नाही, पण पुन्हा आला नाही. लग्नाच्या रजेवर जाण्याआधी मी युनिटच्या व्हरांड्यात झोपणाऱ्या एका लान्स नायकाला आप्पांपुढे उभा केला. तो ओडिशाचा होता, मराठी अक्षर येत नव्हतं. आप्पांनी त्याची हिंदीत मुलाखत घेतली. डोकं भादरलं होतं, लाकडी बंदूक मिळाली होती, लंगरच्या दारात ताट धरलं होतं. काकूंनी आतून मान डोलावली.

बायकोला घेऊन मी दोन गल्ल्या सोडून राहायला आलो. ज्यांनी मला दारातून परत पाठवलं होतं तेच आता "आओ भिया" म्हणत होते. श्रावण लागला आणि पहिल्याच गुरुवारी काकू आमच्याकडे आल्या, हातात हळदकुंकवाचा करंडा. श्रावणी शुक्रवारी सवाष्ण जेवायला घालतात, आणि ती जागाही रिकामी होती म्हणे. माझी बायको दर शुक्रवारी तिथे जेवली, आणि शनिवारी काकूंच्या हाताखाली पाणी तापवायला गेली. उटण्यात काय किती घालायचं, पाणी कसं बघायचं, सगळं ती तिथे शिकली. मी बाहेर ओसरीवर बसायचो. अंगणातून आवाज यायचा, "आँख बंद कर रे बाबा." ओडिशाच्या मुलासाठी काकूंनी हिंदी केली होती. मला जरा वाईट वाटायचं.

मग माझी बदली झाली, आणि पुढे आणखी झाल्या. देवासच्या बराकीचं छत एकदाचं दुरुस्त झालं आणि एकटे जवान परत लाइनीत गेले. सरकारने आयुष्यात केलेल्या कामांपैकी आप्पांना मनापासून खटकलेलं हे एकच. त्यानंतर त्यांनी सरदारपुरचा एक औषधकंपनीचा माणूस ठेवला. फोनवर म्हणाले, "अविवाहित आहे, पण वेळेवर येत नाही." तरी काकूंचे शनिवार निभावत होते.

मी फौज सोडली, पीथमपुरला एका कारखान्यात सुरक्षेचं काम धरलं आणि धारला घर केलं. आम्हाला एक मुलगी. देवासला जाणंयेणं पुन्हा सुरू झालं. आणि मागच्या आषाढात काकू गेल्या. दुपारी जरा पडते म्हणाल्या, उठल्याच नाहीत.

मुलगा पोचेपर्यंत थांबता येईना, म्हणून आप्पांनी सगळं स्वतः केलं. दिवस झाल्यावर आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते ओसरीवर त्याच खुर्चीत बसले होते. भादरलेल्या डोक्यावर पांढरे खुंट. न्हाणीत पाय घसरल्यापासून हाती काठी आलेली. शेजारच्या स्टुलावर कोणाकडून तरी येणारा जेवणाचा डबा, बंद.

"जेवता ना आप्पा?" बायकोने विचारलं.

"प्रमाणात."

बाहेर पडताना शेजारीण म्हणाली, "डब्बा तो रोज गाय को जा रिया है." दारावर पाटी तशीच होती, खोली रिकामी होती. परतीच्या रस्त्यात मी बरंच काही बोललो, मुलाने यावं, मुलाने न्यावं, वगैरे. बायकोने इंदूर ओलांडेपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असेच राहिले तर आप्पा दिवाळी बघायचे नाहीत. आणि आपण सांगून ते खाणार नाहीत. त्यांना नियमच लागतो."

श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी तिने त्यांना फोन केला. उद्या आमच्याकडे मुंजा जेवायला घालायचाय, धारला मिळायची पंचाईत, एक बघून ठेवलाय पण तो चालतो की नाही कळत नाही, तुम्ही येऊन तपासून द्या. आप्पा म्हणाले, नवस काकू जिवंत असेपर्यंतचा होता, तो नियमाने संपला. बायको म्हणाली, हा माझा आहे, माझ्या मुलीसाठी. मग आप्पा म्हणाले, "गाडी पाठवावी."

शनिवारी सकाळी मी त्यांना घेऊन आलो. पिशवीत ते किलोचं वजन होतं, का ते मी विचारलं नाही. मागच्या अंगणात पाट, रांगोळी, घंगाळ नव्हतं म्हणून बादली, तेल, उटणं. आप्पांनी सगळ्यावरून नजर फिरवली.

"मुंजा कुठे आहे?"

बायको म्हणाली, "बसा ना."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग काठी पुढे टेकून ताठ उभे राहिले. "मी विवाहित आहे," ते म्हणाले.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी फौजेत बरीच अवघड कामं केली आहेत, पण हे वाक्य मला म्हणायचं नव्हतं. म्हटलं, "होता, आप्पा."

ते जमिनीकडे बघत राहिले. मी मुलाखत घ्यायला सुरुवात केली, त्यांनी माझी घेतली होती तशीच.

"डोकं भादरलं होतं?"

"हो."

"हाती दंड आहे?"

त्यांनी काठीकडे पाहिलं. "आहे."

"घरचं सुटलं, परक्याच्या हातचं ताट आलं?"

आयुष्यभर दुसऱ्याचे काटे तपासलेला माणूस आपलं माप पुन्हा पुन्हा बघत होता, कुठे खोट निघते का. निघाली नाही.

"आलं," ते म्हणाले. काठी माझ्याकडे दिली, सदरा काढला, आणि माझा खांदा धरून पाटावर बसले.

मी डोक्याला तेल लावलं. बायकोने उटणं चोळलं, पाण्यात कोपर बुडवून पाहिलं आणि तांब्या भरून उचलला. मग अगदी काकूंच्या चालीवर, तिच्याही नकळत, तिच्या तोंडून आलं, "डोळे मिटा बाबा, झोंबून राहिलं की मग सांगाल."

आप्पांनी डोळे मिटले नाहीत. पाणी पडत राहिलं आणि ते उघड्या डोळ्यांनी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. नंतर पानावर बसले, आणि दोन पुरणपोळ्या संपवून तिसरीला नको म्हणाले नाहीत. डोळे तोपर्यंत लाल होते आणि पुसले तरी पुन्हा भरत होते. मुलीने विचारलं, आजोबा रडतायत का. मी सांगितलं, नाही, त्यांना उटणं झोंबलंय. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, तोंडातला घास गिळला आणि म्हणाले, "प्रमाणित."